बोदलकशाची दोन दिवसांची सहल

नागपूरच्या कुटुंबाला शनिवार-रविवारची सवड सांपडली, कीं गोंदियाकडील सहलीची यादी तयार होते: नवेगांव बांध, नागझिरा आणि बोदलकसा. दोन दिवसांत हीं तिन्ही ठिकाणें पाहूं जाणाऱ्यास मोटारीची खिडकीच अधिक पाहावी लागते. घरांत आजी किंवा लहान मूल असेल, तर त्यांचे हाल विचारूंच नयेत. नागझिऱ्यास २०१३ पासून व्याघ्रप्रकल्पाचे नियम आहेत. तेथें आयत्या वेळीं जाऊन भागत नाहीं. तेव्हां एकटें बोदलकसाच निवडावें.

हावडा मार्गावरील गाडीनें गोंदियापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. अलीकडेच तिरोड्यास उतरावें. पुढील मोटार मात्र आधींच ठरवून ठेवावी.

नवेगांवचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला, असें मानतात. बोदलकशाचा मातीचा बांध इंग्रजी अमदानींतला, १९१७ सालचा. परंतु बांधणारे निराळे असले तरी हेतु एकच: धानाला पाणी. म्हणून उन्हाळ्यांत जाणाऱ्यास तळें उतरलेलें दिसलें, तर त्यानें कुरकुर करूं नये; त्यांतलें बरेंचसें पाणी शेतकऱ्यांच्या बांध्यांत गेलेलें असतें. हिंवाळा उत्तम. तेव्हां पाणीही असतें आणि परदेशचीं बदकेंही उतरलेलीं असतात. तीं पाहावयाचीं तर पहांटे पाळीवर जावें, मुलांना ओरडूं देऊं नये. यासाठींच मुक्काम तळ्याकांठीं हवा, आणि शनिवारची खोली आधीं राखून ठेवलेली हवी. रविवारीं परततांना तिरोड्याचें स्थानक गांठावयास तासभर अधिक हाताशीं ठेवावा.