देवनगरीतील पहिले दिवस

थायलंडच्या राजधानीला जग बँकॉक म्हणते. तिचे रहिवासी मात्र तिला क्रुंग थेप, म्हणजे देवांची नगरी, म्हणून ओळखतात. १७८२ मध्ये चक्री घराण्याच्या पहिल्या रामराजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्वतीरावर ही राजधानी वसविली. तिच्या संपूर्ण औपचारिक नावात पाली व संस्कृत शब्दांची अशी रांग लागली आहे की, ते कानी पडताच एखाद्या स्तोत्राचा भास व्हावा. पाठीवर पडशी टाकून एकटाच येथे उतरणारा मराठी तरुण प्रथम फसतो तो या नावांनीच. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. उंच खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेचे एक स्थानक राजदेवीचे. नदीवरचा एक धक्का आदित्याच्या नावाचा; आणि रविवारलाही तेथे आदित्याचाच वार म्हणतात. आजोबांच्या तोंडचा आयतवार असा परमुलखात भेटला म्हणजे कोणाला आपल्याच अंगणात आल्यासारखे वाटणार नाही?

हे अंगण तासाभरातच परके होते. सुवर्णभूमीचा उच्चार तेथे ‘सुवन्नफूम’ असा आहे, आणि शुद्ध संस्कृत उच्चार टॅक्सीवाल्याच्या कानाला काहीच सांगत नाही. थाई भाषेत पाच स्वरभेद आहेत; अक्षर तेच, पण आवाज चढला किंवा उतरला की अर्थ पालटतो. पाट्या वाचता येत नाहीत. पावतीवरचे सालही आपले नव्हे, कारण तेथे बुद्धशक चालतो आणि तो इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे आहे. शाकाहारी असला तर आणखी एक संकट. समोर भाजीच शिजत असते, परंतु कढईत माशाच्या अर्काचे दोन थेंब पडल्यावाचून ती पुरी होत नाही. पिवळ्या पताकेवर लाल रंगात काढलेले ‘जे’ हे अक्षर शोधावे, तेथे मांस-मासळी नसते, आणि कांदा-लसूणही नसतो, हे कोणीतरी सांगेपर्यंत त्याचे दिवस फळांवर आणि भातावर निघतात.

दोघे प्रवासी असले की चुकलेल्या वाटेचेही हसू होते. एकट्याला ती चूक रात्रभर पुरते. खाओ सान या रस्त्याच्या नावाचा अर्थ तांदूळ. पूर्वी तेथे तांदळाचा व्यापार चाले. आता तेथे स्वस्त बिछान्यांची वसतिगृहे आहेत. अशाच एका दालनात, आठ अनोळखी माणसांच्या घोरण्यात, तो मोबाइलवरचा नकाशा पुनःपुन्हा पाहत पडतो. बोलावयास कोणी नाही. म्हणूनच दुसऱ्या दिवशी जो प्रथम गोड बोलतो, तो त्याला सोयरा वाटतो.

हा सोयरा बहुधा राजवाड्याच्या तटाजवळ भेटतो. कपडे नीटनेटके, इंग्रजी सफाईदार, वागणूक अदबीची. “आज सण आहे, राजवाडा बंद आहे,” असे तो खेदाने सांगतो, आणि लगेच उपायही सुचवितो. तीनचाकी टुकटुक नाममात्र भाड्यात चार देवळे दाखवील. टुकटुक देवळे दाखवितेही. परंतु मध्येच एका रत्नांच्या दुकानी थांबते. तेथे थंडगार पेय मिळते, मोठ्या सवलतीचे आमिष मिळते, आणि गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल टुकटुकवाल्यास दलाली मिळते. राजवाडा मात्र सहसा रोज सकाळी साडेआठपासून दुपारी साडेतीनपर्यंत उघडा असतो. दुसऱ्या दाराशी तिकिटांची रांग लागलेली असते. ही युक्ती इतकी जुनी आणि इतकी प्रसिद्ध आहे की, तिच्याविषयी इशारे देऊनही लोक थकले. तरीही ती चालते, कारण ती लोभावर जितकी उभी आहे तितकीच एकटेपणावरही.

पैसा गेला तर फार जात नाही. हानी होते ती त्यानंतर. आता त्याला प्रत्येक हसऱ्या चेहऱ्यामागे दुकान दिसू लागते. आंबे कापून देणारी बाई दोन बोटे दाखविते, तर तो घासाघीस करतो. एखादी शाळकरी मुलगी “बस या बाजूने” असे खुणेने सांगते, तर तो मुद्दाम उलट दिशेस जातो आणि मैलभर पायपीट करतो. सावधपणा हवाच. परंतु ठकाची आणि सज्जनाची पारख एकाच दिवसात साधत नाही, आणि तोवर सगळे शहर त्याला बंद होते. राजवाड्यावर खोटी लावलेली पाटी अशी शहरभर खरी ठरते. नवख्याने एवढे ध्यानात घेतले तरी पुष्कळ: फसविणारा बहुधा आपण होऊन जवळ येतो, आणि ज्याला आपण जाऊन विचारावे तो बहुधा कामात असतो.

सायंकाळी सहा वाजता, स्थानकाच्या गर्दीत, ध्वनिक्षेपकावर राष्ट्रगीत सुरू होते. धावणारी सारी माणसे जागच्या जागी थांबतात. नवखा दोन पावले पुढे जातो, मग ओशाळून तोही थबकतो. गीत संपते, गर्दी पुन्हा वाहू लागते. त्या क्षणापुरते त्याला कोणी काही विकत नव्हते, एवढे त्याच्या लक्षात येते.

तिसऱ्या दिवशी तो सेन सेप कालव्याच्या नावेत बसतो. १८३७ ते १८४० या काळात, तिसऱ्या रामराजाच्या अमदानीत, कंबोडियाच्या बाजूच्या युद्धासाठी सैन्य नेता यावे म्हणून हा कालवा खणला गेला. आज त्यातून कचेरीला जाणारी माणसे नेतात. पाणी काळे आणि दुर्गंधी. नाव लांबट, वेग दांडगा. तिकीट देणारी माणसे डोक्यावर शिरस्त्राण घालून नावेच्या बाहेरच्या काठावरून चालतात, आणि पूल ठेंगणा आला की वाकतात. समोरून दुसरी नाव आली की पाण्याचा लोट उसळतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे पडदे असतात, आणि ते वर ओढण्याच्या दोऱ्या कडेला बसणाऱ्यांच्या हाती असतात.

नवखा नेमका कडेलाच बसलेला असतो. मागून कोणी ओरडते. त्याला शब्द कळत नाही, पण शेजारची म्हातारी दोरीकडे बोट दाखविते. तो ओढतो, पडदा चढतो, पाणी बाहेरच्या बाहेर आपटते. मागच्या बाकावरची इस्त्रीची पांढरी सदरी कोरडी राहते. पुढच्या धक्क्यावर माणसे चढू लागतात, तरी तो दोरी घट्ट धरूनच बसलेला असतो. म्हातारी त्याच्या मनगटावर टिचकी मारते. पडदा खाली येतो, आणि धक्क्यावरचे लोक त्याला ओलांडून आत शिरतात.