वस्तुरचनाकाराची पदवीनंतरची वाट

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वैद्यकीय पदवी मिळवलेल्या मुलाने पुढे काय करावे, हा प्रश्न कोणत्याही घरात फार काळ रेंगाळत नाही. सनदी लेखापालाची आर्टिकलशिप, वकिलाची सनद, वास्तुविशारदाची परिषदेकडील नोंदणी, या वाटा कायद्यानेच आखून दिलेल्या आहेत. सनदी लेखापालांचा कायदा १९४९ चा, वास्तुविशारदांचा १९७२ चा. वस्तुरचनेला, म्हणजे ज्याला सर्वत्र प्रॉडक्ट डिझाइन म्हटले जाते त्या विद्याशाखेला, असा कायदा नाही, परिषद नाही, सनद नाही. चार वर्षांचे शिक्षण पुरे करून बाहेर पडलेल्या तरुणाला मामा-काकांनी ‘तू आता नक्की कोण झालास?’ असे विचारले, तर त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही. ज्या शिक्षणासाठी घराने कर्ज काढले, त्याचे फलित चारचौघांना सांगता येऊ नये, याचा आईवडिलांना घोर लागतो. तो घोर अनाठायी म्हणता येणार नाही.

या शाखेचे भारतातील वय फार नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन रचनाकार दांपत्य चार्ल्स आणि रे ईम्स येथे आले आणि १९५८ मध्ये त्यांनी आपला अहवाल सादर केला. आपल्या घरोघरी असलेला साधा लोटा त्यांना सर्वाधिक भावला. किती पाणी मावावे, कमरेवर कसा बसावा, डोक्यावर तोल कसा राहावा, काठावरून धार कशी पडावी, हाताला स्पर्श कसा वाटावा, असे अनेक प्रश्न त्या एका भांड्यात सोडवलेले त्यांना दिसले. शिवाय हा लोटा कोणा एकाने रचलेला नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी तो घडत आला होता. या अहवालाच्या प्रेरणेतून १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एन.आय.डी., उभी राहिली. अंबालाल साराभाई यांच्या जैन कुटुंबातील गौतम आणि गिरा या बंधुभगिनींनी तिच्या उभारणीत घेतलेला पुढाकार येथील श्रोत्यांना विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. पुढे १९६९ मध्ये पवईच्या आय.आय.टी.त औद्योगिक रचना केंद्र, म्हणजे आय.डी.सी., सुरू झाले.

या दुसऱ्या केंद्राचे संस्थापक प्रा. सुधाकर नाडकर्णी यांचा प्रवास नव्या पदवीधरांनी जरूर अभ्यासावा. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी कलाशिक्षण घेतले आणि नंतर जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध रचनाविद्यालयात ते शिकले. तेथे अखेरच्या प्रकल्पासाठी त्यांनी विषय निवडला तो मुंबईतील दूध केंद्राचा! पहाटे बाटल्या घेऊन रांगेत उभी राहणारी माणसे, आत बसून वाटप करणारी व्यक्ती, लावायच्या पेट्या, अपुरी जागा, हे सारे त्यांनी परदेशातील वर्गात नेले. पुढे गुवाहाटीच्या आय.आय.टी.तील रचना विभागाच्या उभारणीतही ते अग्रभागी होते. पाश्चात्त्य शिक्षण घेऊन आपल्या गल्लीतील अडचण सोडवण्याची ही दृष्टी आजच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत क्वचितच दिसते. तेथे इटालियन धर्तीच्या खुर्च्या आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींची चकचकीत चित्रेच अधिक आढळतात.

एक गोष्ट पालकांना आश्चर्याची वाटेल. एन.आय.डी.च्या विद्यार्थ्यांना २०१४ च्या कायद्यापूर्वी पदवी मिळत नसे, पदविका मिळे. तरीही त्या पदविकेवर अनेकांची कारकीर्द उभी राहिली, कारण विचारणारा प्रमाणपत्राआधी केलेले काम पाहत असे. आजही तीच रीत आहे. पदवीचा कागद मुलाखतीच्या दारापर्यंत नेतो. दाराच्या आत विचारला जातो तो कामाचा संग्रह, म्हणजे पोर्टफोलिओ. त्यात पंधरा प्रकल्पांची गर्दी करण्यापेक्षा तीन-चार प्रकल्प मुळापासून मांडावेत. कोणाची अडचण पाहिली, कोणते पर्याय टाकून दिले आणि का, पुठ्ठ्याचा नमुना कोठे मोडला, आजीच्या हाताला मूठ का बसली नाही, हे सारे त्यात यावे. संगणकावर तयार केलेले सुंदर चित्र आता कोणीही काढून आणू शकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तर ते क्षणाचे काम झाले आहे. फसलेल्या नमुन्याचे छायाचित्र मात्र ज्याने नमुना केला त्याच्याचजवळ असते.

पहिल्या पिढीच्या पदवीधरांना कामे मिळवणे आजच्यापेक्षा कठीण होते. १९९१ पूर्वीच्या बंदिस्त बाजारपेठेत मोटारीसाठी वा दुचाकीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे वाट पाहत असे, आणि आराखडे बहुधा परदेशी सहयोगातून येत. मग रचनाकारावर खर्च कोणी करावा? अशा काळात, १९८९ मध्ये, एन.आय.डी.तून बाहेर पडलेल्या अश्विनी देशपांडे, आशिष देशपांडे आदी तरुणांनी पुण्यात ‘एलिफंट डिझाइन’ ही संस्था काढली. दोनच वर्षांनी आर्थिक धोरण बदलले, स्पर्धा आली, आणि वेष्टनापासून यंत्राच्या कवचापर्यंत सर्वच गोष्टींना रूप देणाऱ्या माणसांची उद्योगांना गरज भासू लागली. केवळ नशिबाने हे घडले असे म्हणता येणार नाही, कारण धोरण बदलले तेव्हा काम करायला ते पुण्यात हजर होते.

नोकरीच्या वाटेने गेलेल्यांत टायटनचे उदाहरण बोलके आहे. २००२ मध्ये आलेले ‘एज’ हे घड्याळ अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीचे होते आणि त्यातील यंत्रणा १.१५ मिलिमीटरची. त्याच्या रचनेशी ज्यांचे नाव जोडले जाते ते मायकल फोली एन.आय.डी.चे विद्यार्थी. कंपनीत राहून, यंत्रणा घडवणाऱ्या अभियंत्यांच्या सहवासात त्यांनी हे काम केले आणि नंतर बंगळूरमध्ये स्वतःची संस्था काढली. टायटनमध्येच काम केलेले अभिजित बनसोड यांनीही पुढे स्वतःचा स्टुडिओ उभारला. दुसऱ्याच्या कारखान्यात काही वर्षे काढावीत आणि मग आपले दुकान मांडावे, हा क्रम या क्षेत्रात वारंवार दिसतो, आणि तो शहाणपणाचाच आहे.

कारण महाविद्यालयात जे शिकवता येत नाही ते कारखान्यातच शिकायला मिळते. प्लॅस्टिकच्या एखाद्या डब्याचेच पाहा. साच्यातून तो निसटून बाहेर यायचा तर त्याच्या उभ्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो. आतून बळकटी देणाऱ्या पट्ट्या भिंतीच्या जाडीच्या साधारण निम्म्यापेक्षा जाड केल्या, तर थंड होताना प्लॅस्टिक आकसते आणि बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळगा उमटतो. ही माहिती पुस्तकातही आहे. पण भोसरीच्या किंवा वाळूजच्या टूलरूममध्ये लोखंडी साचा कापला गेल्यावर तो खळगा डोळ्यांनी पाहणे आणि साचा दुरुस्त करण्याचा खर्च कानांनी ऐकणे वेगळे. मोठा साचा लाखो रुपयांचा असतो. पदवीधराच्या एका गोलाईच्या हट्टापायी तो बदलावा लागला, तर कारखानदार पुन्हा त्याला दारात उभे करीत नाही. साचा कापणारा फिटर बहुधा आय.टी.आय. झालेला असतो, मात्र पहिल्या वर्षात तोच खरा गुरू. त्याच्यापाशी स्टूल ओढून बसण्याचा कमीपणा ज्या पदवीधराला वाटतो, त्याची प्रगती तेथेच खुंटते.

या वर्षांत पगार कमी असतो, आणि येथेच घरातील ताण सुरू होतो. गेल्या काही वर्षांत ‘प्रॉडक्ट डिझायनर’ हा शब्दच स्थलांतरित झाला आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या जाहिरातीत त्याचा अर्थ मोबाइलच्या पडद्यावरील बटणे, पाने आणि क्रम रचणारी व्यक्ती असा असतो. त्या कामाला सुरुवातीचा मोबदला साधारणतः अधिक मिळतो. वर्गातील एक मित्र बंगळूरला पडद्यासमोर बसून चांगली रक्कम घरी पाठवतो आणि दुसरा चाकणच्या पुरवठादाराकडे दुचाकीवरून फेऱ्या मारतो, तेव्हा दुसऱ्याच्या घरी तुलना होणारच.

पडद्यावरील रचना हलकी मानण्याचे कारण नाही. माणसाला काय कळते, कोठे अडते, हे पाहण्याची मूळ विद्या दोन्हीकडे एकच. कर्जाचे हप्ते डोक्यावर असतील तर काही काळ तो मार्ग पत्करणे व्यवहाराला धरून आहे. मात्र एक जाणीव ठेवावी. चार-पाच वर्षे पडद्यात गेल्यावर वस्तूंकडे परतणे अवघड होते. साचेकाराची ओळख, पत्र्याच्या जाडीचा अंदाज, भाव ठरवताना कोठे ताणावे आणि कोठे सोडावे याचे भान, यांतील काहीही दुरून मिळत नाही. ज्याला खरोखर वस्तूच घडवायच्या आहेत त्याने हा निर्णय पहिल्याच नेमणुकीच्या वेळी डोळसपणे करावा, आणि घरच्यांनी त्याला दोन-तीन वर्षांचा अवधी मोकळ्या मनाने द्यावा. आर्टिकलशिपमधील तुटपुंज्या विद्यावेतनाबद्दल कोणी कुरकुर करीत नाही. टूलरूममधील दिवसांकडेही त्याच नजरेने पाहिले जावे.

हस्तव्यवसायाची वाटही मोकळी आहे. आय.डी.सी.चे प्रा. ए. जी. राव यांनी बांबूवर दीर्घकाळ काम केले, प्रा. रवी पूवैया यांच्यासमवेत इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राच्या रचनेतही त्यांचा वाटा आहे. कोट्यवधी मतदारांनी ज्या यंत्राचे बटण दाबले, त्याला रूप देणाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक असतील? या व्यवसायात नाव क्वचितच वस्तूवर येते, हे तरुणांनी आधीच मनाशी पक्के करावे. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांपासून मोरबीच्या चिनी मातीच्या कारखान्यांपर्यंत अनेक ठिकाणी रचनाकाराला वाव आहे. पण उन्हाळ्याच्या सुटीत दोन आठवडे जाऊन कारागिराला ‘नवीन डिझाइन’ देऊन परतणारे पाहुणे त्या कारागिरांनी पुष्कळ पाहिले आहेत.

स्वतंत्र व्यवसाय करू पाहणाऱ्यांना पहिला अनुभव बहुधा एकच येतो. ‘आधी एक-दोन डिझाइन काढून दाखवा, आवडले तर पैशाचे बघू.’ या वाक्यावर काम सुरू करू नये. टप्प्याटप्प्याने मोबदला, किती वेळा बदल करून दिले जातील आणि नमुन्याचा खर्च कोण सोसणार, हे लेखी ठरवून मगच पेन्सिल उचलावी. ओळखीच्या माणसाकडे, नात्यातल्या कारखानदाराकडे तर हे अधिकच आवश्यक.

आणि कायद्याची थोडी माहिती. भारतात डिझाइन कायदा २००० हा लागू आहे. त्याखाली वस्तूच्या दृश्य रूपाला, म्हणजे आकार, घडण, नक्षी यांना, नोंदणीद्वारे संरक्षण मिळते. प्रथम दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच. यंत्र कसे चालते याला हे संरक्षण नाही. त्यासाठी पेटंटचा मार्ग निराळा. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या रचनेचा मालक, वेगळा करार नसेल तर, काम करवून घेणारा ठरतो. याची कल्पना नसल्याने पुढे कडवटपणा येतो. विद्यार्थ्यांना मात्र सर्वांत जवळचा धोका आहे तो पदवी प्रदर्शनाचा. नोंदणीसाठी रचना नवीन आणि पूर्वी प्रकट न झालेली असावी लागते. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती, पूर्वसूचना देऊन सहा महिन्यांच्या आत अर्ज करण्याची सवलत आहे. महाविद्यालयाच्या सभागृहातील मांडणीला ती आपोआप लागू होत नाही. तेव्हा ज्या वस्तूवर पुढे धंदा उभारण्याची इच्छा आहे, तिचा अर्ज प्रदर्शनाच्या आणि समाजमाध्यमांवर छायाचित्र टाकण्याच्या आधी दाखल करावा, आणि तिच्यावर महाविद्यालयाचा काही हक्क आहे का, हे संस्थेच्या नियमावलीत त्याहीपूर्वी वाचून घ्यावे.