भिंतीवरचा जुना कागद



आजचा विषय ऐकून कांहीं जण मनांत हंसतील. अडतीस वर्षें मुलांना व्याकरण व अंकगणित शिकविणाऱ्या माणसानें भिंतीच्या कागदावर काय बोलावें? परंतु गेल्या दिवाळीपूर्वीं ऊर्जानगरलगतच्या आमच्या लहानशा घरांत या एका प्रश्नानें आठ दिवस मुक्काम ठोकला होता. त्यांतून मीं जें शिकलों, तें आपल्यासही उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून हें धाडस करीत आहें.

आमच्या बैठकीच्या एका भिंतीला माझ्या पत्नीनें बारा वर्षांपूर्वीं वेलबुट्टीचा कागद लावून घेतला होता. ती आतां नाहीं. कागदाच्या कडा सुटल्या होत्या, खिडकीपाशीं फुगे आले होते. रंगारी म्हणाला, “गुरुजी, कागदावरूनच रंग मारूं, दोन दिवसांत काम होईल.” सूनबाईंचें मत, कागद काढावाच. मुलगा दोन दिवस बोललाच नाहीं. अखेर म्हणाला, “बाबा, आईच्या हौसेचा कागद आहे. खरवडून टाकायचा?” या प्रश्नापुढें माझेंही तोंड बंद झालें. रंग दिला तर कागद निदान आंत तरी राहील, असें मलाही वाटूं लागलें.

पण भावना क्षणभर बाजूला ठेवून भिंतीचा विचार करूं. कागद भिंतीला धरून असतो तो खळीच्या बळावर. त्यावर पाण्यांत कालविलेला रंग दिला कीं ती खळ पुन्हां ओली होते, आणि धड बसलेला कागदही फुगूं लागतो. दोन पट्ट्यांचे सांधे रंगाखालून रेघेसारखे दिसतात. छापील वेलींचा रंग कधीं कधीं वर उमटतो. कागदावर प्लास्टिकचा गुळगुळीत थर असेल, तर रंगाला धरायला जागाच मिळत नाहीं. तो पुढें नखानें सुटतो.

त्यांतून आपला चंद्रपूरचा मुलूख! उन्हाळ्यांत पारा सत्तेचाळीस अंशांच्या घरांत जातो, आणि कूलर रात्रंदिवस दमट वारा खोलींत सोडीत असतो. तो बंद होतो न होतो तोंच पावसाळा लागतो. जुनी चुन्याची भिंत अशी हवा सोसते, कारण ती ओल घेते तशी सोडतेही. तिच्यावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर रंग, असे दोन थर चढले, तर ओलीची वाट बुजते. ती आंत कोंडते आणि बुरशी धरते.

येथें मला अजिंठ्याची आठवण होते. 1920 ते 1922 या काळांत निजाम सरकारनें लोरेंझो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांकडून लेण्यांतील चित्रांची डागडुजी करविली. भिंतीपासून सुटूं लागलेले पापुद्रे त्यांनीं पुन्हां बसविले, हे उपकारच. परंतु चित्रांवर लाखेचें रोगण दिलें गेलें. काळानें तें पिवळें पडून चित्रें झांकोळलीं, आणि तें काढण्याचें नाजूक काम पुढें पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांवर येऊन पडलें. हेतु चांगला होता. परंतु थर देणें सोपें असतें, काढणें कठीण असतें.

तरी कागद प्रत्येक वेळीं काढावाच, असा माझा हट्ट नाहीं. कपाटामागें वीतभर जागा ओली करून कागद सोडवून पाहावा. त्याच्याबरोबर गिलावाच खालीं येत असेल, आणि बाकीचा कागद कोरडा व घट्ट असेल, तर तो राहूं द्यावा. मात्र सांधे लांबीनें भरून, आधीं तेलाच्या प्रायमरचा हात द्यावा, मगच रंग. भिंतीच्या आंतून ओल येत असेल, तर मात्र वरून झांकणें म्हणजे रोग्याला रेशमी शाल पांघरणें होय.

काढायचें ठरलें तर प्रथम विजेचा मुख्य खटका बंद करावा, कारण पाणी बटनांच्या पेटींत शिरतें. वरचा गुळगुळीत पापुद्रा कोरडाच सोलावा. मग कोमट पाण्याचा बोळा फिरवून पाव तास थांबावें, आणि रुंद पातें भिंतीला जवळजवळ आडवें धरून कागद सोडवावा. उरलेली खळ धुवावी, व भिंत पुरती वाळल्यावांचून रंगाचा डबा उघडूं नये. खालीं जुना तेली रंग निघाल्यास तो कोरड्या काचकागदानें घासूं नये. त्यांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत 90 भागांपेक्षां अधिक नसावें, असा नियम आपल्याकडे 2016 सालीं झाला. त्यापूर्वींच्या रंगांची खात्री कोणी द्यावी?

आतां आमच्या घरचा निकाल सांगतों. मीं मुलाला म्हटलें, “रंगाखालीं गेलेला कागद तुला तरी दिसणार आहे काय? झांकून टाकलें म्हणजे राखलें, असें होत नाहीं.” तो कांहीं बोलला नाहीं, उठला आणि पाण्याची बादली घेऊन आला.

दुसऱ्या दिवशीं दाराजवळचा कागद सुटतांना खालीं पेन्सिलीच्या रेघा दिसूं लागल्या. आमच्या दोन्हीं मुलांच्या उंचीच्या त्या खुणा होत्या, आणि प्रत्येकीपुढें तिच्या हातची तारीख होती. सूनबाईंनीं तेथें पातें लावूं दिलें नाहीं. ओल्या फडक्यानें, हलक्या हातानें कागद सोडविला. त्या रेघांवर रंगाऱ्याचा कुंचला फिरूं नये म्हणूनच तिला बारा वर्षांपूर्वीं कागदाची हौस आली होती काय, हें विचारायला ती आतां नाहीं.

बाकीच्या भिंतीला रंग दिला. तेवढी हातभर पट्टी तशीच ठेवली आहे. परवां नातू तेथें पाठ टेकून उभा राहिला, आणि पेन्सिल माझ्या हातीं आली.

आपल्या घरची भिंत रंगविण्यापूर्वीं खालीं काय आहे तें एकदां पाहून घ्या, एवढीच विनंति.