निळें अंडें आणि कानावरचा झुबका



आज आम्ही कोंबडीविषयीं बोलणार आहों. विषय हलका आहे असें कोणीं समजूं नये. ज्या घरीं दोन एकर जिराईत आणि चार लेकरें आहेत, त्या घरीं मीठमिरचीचा, वहीपाटीचा आणि आजारपणाचा पैसा पुष्कळदां खुराड्यांतूनच निघतो, हें येथें बसलेल्या भगिनींना आम्हीं सांगावयास नको. हल्लीं ‘दुर्मिळ जातीचीं’, ‘रंगीत अंड्यांचीं’ म्हणून पिलें चढ्या भावानें विकलीं जातात. त्यांची पारख रूपावरून करावी कीं गुणावरून, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो सोडविण्यासाठीं आम्ही तुम्हांला एका दूरच्या देशांतल्या कोंबडीची हकीकत सांगतों.

दक्षिण अमेरिकेंत चिली नांवाचा देश आहे. तेथील मूळचे रहिवासी मापूचे लोक. स्पॅनिश लोक त्यांना अरौकानो म्हणत. त्यांच्या दारांत फिरणाऱ्या कोंबड्यांपैकीं कांहीं निळीं अंडीं घालीत. कांहींना शेपूटच नसे. त्यांना कोयोंका म्हणत. कांहींच्या कानांपाशीं पिसांचे झुबके असत. त्यांना केत्रो म्हणत. १९१४ सालीं साल्वादोर कास्तेयो नांवाच्या स्पॅनिश पंडितानें या कोंबड्या पाहिल्या आणि १९२१ सालीं हेग येथें भरलेल्या पहिल्या जागतिक कुक्कुट परिषदेंत त्यांची माहिती मांडली. ही कोंबडीची अगदीं निराळी जात आहे, असें प्रथम त्यांना वाटलें. पुढें तें मत त्यांनींच सोडलें. अशा रीतीनें अरौकाना हें नांव जगभर झालें. नांव परिषदेनें दिलें खरें. पण ऊनपावसांत, कोल्ह्यारानमांजरांपासून ती कोंबडी राखली कोणीं? दारांत दाणे टाकणाऱ्या मापूचे घरांनीं.

आतां प्रदर्शनाकडे वळूं. युरोप-अमेरिकेंत कोंबड्यांचीं प्रदर्शनें भरतात. कोणत्या जातीचा तुरा कसा असावा, पाय कोणत्या रंगाचे, पिसांची ठेवण कशी, वजन किती, याचे नियम छापलेले असतात. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननें असा ग्रंथ १८७४ सालीं काढला. हे नियम व्यर्थ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. जोंधळ्याचीं कणसें निवडून बियाण्याला ठेवलीं नाहींत तर दहा वर्षांत वाण बिघडतो. तसेंच कोंबडीचें आहे. नियम होता म्हणून कित्येक जुन्या जाती टिकल्या. परंतु पिंजऱ्यांतल्या कोंबडीकडे पाहून पंच गुण देतो, तेव्हां ती वर्षाला किती अंडीं घालते आणि तिच्या रवणांतून किती पिलें जगतात, हें त्याला दिसत नाहीं. तें फक्त घरधनिणीला दिसतें.

१९७६ सालीं त्या ग्रंथांत अरौकानेचा समावेश झाला. तिला शेपूट नसावें आणि कानांपाशीं झुबके असावेत, असा नियम ठरला. येथेंच खरी गोम आहे. प्रत्येक गुणाचें बीज पिलाला दोन पदरांनीं मिळतें; एक पदर आईकडून, एक बापाकडून. झुबक्याचें बीज एका पदरानें आलें तर झुबका उगवतो. दोन्ही पदरांनीं आलें तर पिलूं अंड्यांतच मरतें. म्हणजे झुबकेवाला कोंबडा आणि झुबकेवाली कोंबडी यांची जोडी लावली, तर सरासरीनें चार अंड्यांमागें एक पिलूं या एकाच कारणानें कवचांत मेलेंच समजा. एकवीस दिवस कोंबडी बसली, पोटाचा दाणा तिनें सोडला, आणि चौथा हिस्सा असा गेला! झुबक्याचा एकच पदर असलेलीं कांहीं पिलेंही दगावतात. शेपूट नसलेल्या कोंबड्यांतही अंडीं फळण्याची अडचण येते.

जाणते पाळक यांतून दोन वाटा काढतात. पहिली अशी कीं, झुबकेवाल्याला बिनझुबक्याचीच जोडी द्यावयाची. मग निम्मीं पिलें झुबक्याचीं निघतात आणि दोन पदरांचें मरण टळतें. दुसरी वाट अमेरिकेंतल्या कांहीं पाळकांनीं धरली. त्यांना निळें अंडें हवें होतें, पण मारक झुबका नको होता. त्यांनीं शेपूट असलेली, गालांवर दाढीमिशा असलेली अमेरौकाना नांवाची जात तयार केली. तिला १९८४ सालीं त्याच ग्रंथांत जागा मिळाली. रूपासाठीं जीव दवडण्यापेक्षां रूपाचा नियमच बदललेला बरा, एवढें शहाणपण त्यांनीं दाखविलें.

आतां अंड्याच्या रंगाचें पाहूं. निळा रंग कवचाच्या आरपार असतो; अंडें फोडलें तर कवच आंतूनही निळें दिसतें. तपकिरी रंग मात्र कवचावर शेवटीं शेवटीं चढतो. आंतून कवच पांढरेंच राहतें. निळ्यावर तपकिरी चढला कीं अंडें हिरवें दिसतें. घरच्या घरीं करण्यासारखी ही परीक्षा आहे. हा निळा रंग आला कोठून? फार पूर्वीं एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या बीजांत शिरून बसला, त्यामुळें तो उतरतो, असें संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. खाणाऱ्याला त्याची कांहीं बाधा नाहीं. तसाच कांहीं लाभही नाहीं! कवचाच्या रंगानें अंड्याचें सत्त्व वाढत नाहीं. सत्त्व पाहावयाचें तर कोंबडीचा चारादाणा पाहावा.

निळ्या रंगाचें बीज जोरकस आहे; एक पदर असला तरी रंग दिसतो. म्हणून पुष्कळ जण फक्त कोंबडीची निवड करतात आणि फसतात. अंडें कोंबडी घालते, पण रंगाचें निम्में बीज कोंबड्याकडून येतें. तो स्वतः अंडें घालीत नाहीं, तेव्हां त्याची परीक्षा त्याच्या लेकींवरून करावी. निळें अंडें न घालणाऱ्या कोंबड्यांशीं त्याची जोडी लावा आणि होणाऱ्या आठ तलंगा वाढवा. एकीनेंही निळें किंवा हिरवें सोडून दुसऱ्या रंगाचें अंडें घातलें, तर कोंबडा एकाच पदराचा ठरला. आठहीजणींनीं निळीं-हिरवीं घातलीं, तर तो दोन पदरांचा धरावयास हरकत नाहीं. कारण एकपदरी कोंबड्याच्या आठही लेकी योगायोगानें तशा निघणें हें २५६ मध्यें एकदांच घडेल.

कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? वाटाण्याच्या दाण्यांसारखा चपटा, बारीक तुरा दिसला कीं अंडें निळें, असें ऐकतों. त्यांत थोडें तथ्य आहे. तशा तुऱ्याचें बीज आणि निळ्या अंड्याचें बीज एकमेकांना लागूनच असतें, म्हणून एखाद्या कुळांत तीं पिढ्यान् पिढ्या बरोबर चालतात. पण तें त्या कुळापुरतेंच. आपल्याकडच्या असील कोंबड्याचाही तुरा तसाच असतो. त्याच्या लेकींनीं निळीं अंडीं घातलेलीं कोणीं पाहिलीं आहेत काय? खूण ही साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

फ्रान्समधल्या मारां कोंबडीची गोष्ट याहून अवघड आहे. तिचें अंडें गर्द तांबूस-तपकिरी असतें. त्यासाठीं पाळक १ ते ९ अशा छटांचा तक्ता वापरतात. ४ पेक्षां फिकें अंडें असल्यास ती खरी मारां मानीत नाहींत. येथें एका बीजाचें काम नाहीं. अनेक बीजें मिळून रंग गर्द होतो. शिवाय कोंबडी जसजशी अंडीं घालीत जाते तसतसा रंग फिका पडतो. म्हणून एका अंड्यावर भुलूं नये. हंगामभराची नोंद पाहावी.

आतां आपल्या घरीं या. झाबुआकडच्या कडकनाथास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्याची कातडी काळी, मांस काळें. अंडें मात्र फिकट तपकिरी. त्याच्या संकरांतूनही काळसर पिलें निघतात, म्हणून नुसता काळा रंग पाहून पैसे मोजणें धोक्याचें आहे. त्याहून मोठा धोका आपण पाहिला आहे. कडकनाथ पाळा, अंडीं आम्ही चढ्या भावानें घेऊं, अशा योजनेंत पश्चिम महाराष्ट्रांतल्या कित्येक शेतकऱ्यांनीं पैसा घातला आणि २०१९ सालीं तो बुडाला. तेथें दोष कोंबडीचा नव्हता. तिचें रूप आणि नांव विकलें गेलें; हिशेब कोणीं मागितला नाहीं.

म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे. कोंबडीच्या पायांत रंगीत दोरा बांधा. अंड्यावर शिसपेन्सिलीनें तारीख घाला. कोणत्या कोंबडीनें किती अंडीं घातलीं, रंग कोणता, रवणांतून किती पिलें निघालीं, किती जगलीं, तें वहींत उतरा. शाळेंत जाणाऱ्या मुलीच्या हातीं ती वही द्या. तिचें गणितही पक्कें होईल. कोंबडा दर दोन वर्षांनीं दुसऱ्या घराशीं बदला, म्हणजे नात्यांतल्या नात्यांत पैदास होऊन वाण खचणार नाहीं. पिलें विकत घेतांना आईबापांची नोंद मागा. ती नसेल तर साध्या पिलाचाच भाव द्या. आणि निवड करतांना आधीं जगणें, मग अंड्यांची संख्या, मग रंग, आणि सर्वांत शेवटीं पिसारा, हा क्रम मोडूं नका.

झुबका दिसायला सुंदर खरा. पण ज्या खुराड्यांत चौथें पिलूं त्याच्यापायीं मरतें, त्या खुराड्याच्या धनिणीनें आरशापेक्षां वहींत पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.