ऊर्ध्वपातित पाणी आणि प्रकृति



कळमेश्वरची भूमि काळ्या पाषाणाची. त्यांतून झिरपतांना विहिरीचें पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार बरोबर घेतें. मग डाळ लवकर शिजत नाहीं, भांड्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो. म्हणून पाण्याची वाफ करून ती निववावी आणि तेंच पाणी नित्य प्यावें, असा मोह होतो.

असें पाणी विष नव्हे. तें हाडें विरघळवितें ही निव्वळ दंतकथा होय. हानि किती, तें हिशेबानेंच पाहावें. लिटरमागें ७५ मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलें दोन लिटर पाणी रोज १५० मिलिग्रॅम देतें. प्रौढ मनुष्याची गरज सुमारें १००० ची. दूधदुभतें असलेल्या घरास ही तूट जाणवणार नाहीं. जेथें चहापुरतेंच दूध येतें, तेथें ती उपेक्षणीय नव्हे. शिवाय असें पाणी धातु लवकर झिजवितें, म्हणून कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत तें ठेवूं नये. बॅटरीसाठीं विकलें जाणारें पाणी तर पिण्याकरितां नसतेंच!

उलट यवतमाळ जिल्ह्यांतील ज्या गांवीं फ्लोराइडमुळें दांत व हाडें बिघडतात, तेथें हेंच पाणी हितकर. कारण उकळण्यानें फ्लोराइड जात नाहीं. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या मानकांत त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागें १ मिलिग्रॅम, व विरघळलेल्या एकूण क्षारांची ५०० आहे. तेव्हां विहिरीचें पाणी आधीं तपासून घ्यावें. केवळ रोगजंतूंची शंका असेल, तर उकळणें पुरे. वैशाखांत घामावाटें गेलेलें मीठ मात्र विहिरीचें पाणीही भरून देत नाहीं. त्याला मीठ घातलेलें ताकच हवें.