चार रुग्ण आणि एक परिचारिका
(जागतिक परिचारिका दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



आज १२ मे, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. या दिवशी दीपप्रज्वलन होते, गुणगौरव होतो, आणि दुसऱ्या दिवशी वॉर्डाचे काम पूर्ववत सुरू होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु गेल्या काही महिन्यांत मी एका विषयाचा, आडून का होईना, विद्यार्थी झालो. त्याचा वृत्तांत आपणांसमोर ठेवण्याची अनुमती असावी.

आपल्याकडे परिचर्येचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि परिचारिका सेवेत रुजू होते. अमेरिकेत मात्र पदवी पुरेशी नसते. तेथे ‘एनक्लेक्स’ ही परवाना परीक्षा द्यावी लागते. परीक्षा संगणकावर होते, कालमर्यादा पाच तासांची. प्रश्न किमान ८५ आणि कमाल १५०. उत्तर बरोबर आले की पुढील प्रश्न अधिक कठीण, चुकले की सोपा. आपल्या काही परिचारिकांनी या परीक्षेच्या अभ्यासासाठी रात्रपाळीनंतर बसायला एक खोली मागितली. माझे पहिले उत्तर नकाराचे होते. धर्मादाय संस्थेने दात्यांच्या पैशातून अनुभवी मनुष्यबळ घडवावे आणि त्याच्या परदेशगमनासाठी खोली, वीज व पंखाही पुरवावा, हा हिशेब माझ्या खतावणीत बसेना. अखेर मेट्रन बाईंच्या आग्रहाखातर जुन्या अभिलेख कक्षातील एक कोपरा मोकळा करून दिला.

एके दिवशी सकाळी मी तेथे डोकावलो. फळ्यावर एक प्रश्न लिहिला होता. चार रुग्ण आहेत. पहिल्याच्या पोटाच्या शस्त्रक्रियेला दोन दिवस झाले असून तो वेदनाशामक मागतो आहे. दुसरा मधुमेही, जेवणाची वाट पाहतो आहे. तिसऱ्याची थायरॉइडची शस्त्रक्रिया सकाळी झाली असून श्वास घेताना घर्‌र असा आवाज येतो आहे. चौथ्याला घरी सोडायचे आहे आणि कागदपत्रांना विलंब झाल्याने नातेवाईक संतापले आहेत. परिचारिकेने प्रथम कोणाकडे जावे?

मी मनातल्या मनात चौथ्याकडे गेलो. प्रशासक आहे, जो मोठ्याने बोलतो त्याच्याकडे आधी धावण्याची मला सवय आहे. उत्तर होते तिसरा. प्रथम श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, हा क्रम. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सूज वा रक्तस्राव होऊन श्वासमार्ग काही मिनिटांत बंद होऊ शकतो. वेदना खरीच असते. पण ती थांबू शकते, श्वास थांबू शकत नाही.

हे ऐकताना मला एक जुनी तक्रार आठवली. शस्त्रक्रिया झालेल्या एका मातोश्रींच्या चिरंजीवांनी लिहिले होते की, घंटा वाजवल्यावर सिस्टर दारापर्यंत आल्या आणि शेजारच्या खाटेकडे निघून गेल्या. आईला वीस मिनिटे वेदना सोसाव्या लागल्या. मी त्या सिस्टरांकडून लेखी खुलासा मागवला. त्यांनी दोनच ओळी लिहिल्या: शेजारील रुग्णाला धाप लागली होती, विलंबाबद्दल दिलगीर आहे. मी ‘समज देण्यात आली’ असा शेरा मारून कागद फाइलीत लावला. त्या दिवशी मी ती फाइल काढली, शेरा रद्द केला आणि सिस्टरांची क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, “साहेब, त्या मुलाला कोणी जाऊन दोन शब्द सांगायला हवे होते. तेवढे माझ्याकडून राहिले.”

त्यानंतर मी अधूनमधून त्या कोपऱ्यात बसू लागलो. कृती करण्याआधी निरीक्षण, हे तेथील पहिले सूत्र. यंत्राची घंटा वाजली तर आधी रुग्णाकडे पाहावे, मग यंत्राकडे. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळाव्यात. एप्रिल २०२३ पासून या परीक्षेत रुग्णाची हकीकत देऊन निर्णयशक्ती पारखणारे प्रश्नही आले आहेत: लक्षणे ओळखा, त्यांचा अर्थ लावा, प्राधान्य ठरवा, उपाय योजा, कृती करा, परिणाम तपासा. आमच्या सिस्टर म्हणतात की यात नवे काही नाही. शिकताना हे सारे वाचले होते. परंतु वर्षानुवर्षांच्या धावपळीत जे हात आपोआप करतात, त्याचे कारण पुन्हा एकदा शब्दांत मांडता येऊ लागले. नव्याने रुजू झालेल्या मुलीही आता तेथे येऊन बसतात, आणि त्यांतील बहुतेकींना कोठेही जायचे नाही.

यातील काही भगिनी उद्या जातील. ती आपली हानी आहे, ती मी लपवणार नाही. अनुभवी परिचारिका गेली की रात्रपाळी उरलेल्यांवर पडते. पण अडवून ठेवलेल्या मनाने रुग्णसेवा होत नाही. त्यांनी येथे असेपर्यंत शिकावे आणि शिकवावे, एवढी व्यवस्था आपण करू शकतो. म्हणून विश्वस्त मंडळास माझी विनंती आहे की, हा कोपरा सर्व परिचारिकांसाठी कायमचा अभ्यासकक्ष व्हावा आणि पाळीपत्रकात आठवड्यातून एक तास त्यासाठी राखून ठेवावा. देणगीदारांना विनंती की, खाट व यंत्र यांच्याबरोबर पुस्तकांचाही विचार व्हावा. त्यावर नावाची पाटी लागणार नाही. पण उपयोग प्रत्येक खाटेपर्यंत पोहोचेल.

आणि रुग्णांच्या आप्तांना एक नम्र निवेदन. सिस्टर पुन्हा पुन्हा नाव विचारतात तेव्हा त्या विसरलेल्या नसतात, पडताळत असतात. त्या आपल्या खाटेवरून पुढे गेल्या, तर बहुधा आपला रुग्ण त्या क्षणी अधिक सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ असतो. तो अर्थ आपणांस येऊन सांगणे हे आमचे कर्तव्य आहे, आणि ते यापुढे राहून जाणार नाही, असा प्रयत्न आम्ही करू.