स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट आणि पुढचा प्रवेश

पदव्युत्तर प्रवेशात पदवीकाळातील संशोधनाचे वजन सगळीकडे सारखे नसते. भारतात एम.टेक.चा प्रवेश मुख्यतः गेटच्या गुणांवर ठरतो. प्रोजेक्टला तेथे दुय्यम स्थान. पीएच.डी.च्या किंवा संशोधनाधारित एम.एस.च्या मुलाखतीत मात्र बरेच प्रश्न प्रोजेक्टवरच येतात. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो आणि बहुतेक विभाग तीन शिफारसपत्रे मागतात. ‘विद्यार्थी हुशार व वक्तशीर आहे’ अशा पत्राने तेथे काही साधत नाही. प्रयोग फसल्यावर विद्यार्थ्याने पुढे काय केले, हे जवळून पाहिलेल्या गाइडचे पत्र लागते.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील अभियांत्रिकी स्नातकांपैकी अनेकांच्या हाती स्पॉन्सर्ड प्रोजेक्ट, म्हणजे एखाद्या कंपनीसाठी केलेला प्रोजेक्ट, असतो. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये फिक्स्चर बदलले, सायकल टाइम घटला, रिजेक्शन कमी झाले. काम उपयोगाचे खरे, पण तेवढ्याने ते संशोधन ठरत नाही. नवे फिक्स्चर का चालले, जुन्याशी तुलना किती नमुन्यांवर केली, दुसऱ्या मशीनवर तोच निकाल येईल का, याची उत्तरे शोधली तरच ठरते. कंपनीची ड्रॉइंग आणि आकडे गोपनीय असतात, ही इथली खरी अडचण. म्हणून काय लिहिता येईल याची लेखी परवानगी काम सुरू होण्यापूर्वीच घ्यावी, आणि त्याच प्रश्नावरची एखादी चाचणी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही करावी.

पैसे भरून आठवड्यात छापून आणलेल्या पेपरची किंमत मात्र शून्य. जाणकार परीक्षकापुढे तो उलट अंगाशी येतो.

संशोधन या पट्ट्याला परके नाही. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्येच शोधले गेले. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात ‘पिंपरिना’ आहे. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआयचे केंद्र चाकणला आहे. पाषाणला एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्था, तर चाकणवरून जाणाऱ्या नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावजवळ खोडदला 30 अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण. देशातील तीन विज्ञान अकादम्या मिळून पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप देतात. यूजीसीच्या 2022च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. आरक्षित प्रवर्गांना त्यात सवलत आहे.

पदवी हाती आली आणि संशोधनाचा अनुभव राहून गेला, तरी वेळ गेलेली नाही. राष्ट्रीय प्रयोगशाळा प्रोजेक्ट असोसिएटच्या जागांची जाहिरात देतात आणि त्यांतील पहिल्या पातळीच्या अनेक जागांना अभियांत्रिकीची पदवी पुरते. स्नातकांनी कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीइतकेच लक्ष या जाहिरातींकडेही द्यावे.